शेजाऱ्यांची जुनी रायफल आणि पाचशे डॉलर

पत्र: नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे, गेली अकरा वर्षं विस्कॉन्सिनमध्ये ओ क्लेअरजवळ राहतो. ग्रीन कार्ड आहे. आमचे शेजारी गेल्या वर्षी वारले. त्यांच्याबरोबर मी तीन वर्षं नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जात होतो. कोर्स, परवाना, जंगलात कसं वागायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांच्या पत्नीने त्यांची रायफल मला दिली. सॅव्हेज ११०, थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची, साठच्या दशकातली. लाकडी दस्ता आहे, वर तेव्हाचाच चार पॉवरचा स्कोप, म्हणजे चार पट मोठं दाखवणारी नेमाची दुर्बीण. मागच्या सीझनला तीच घेऊन एकटा गेलो. ८० यार्डांवर हरीण आडवं उभं होतं, खांद्यामागे नेम धरून चाप ओढला. हरीण उडालं आणि पळालं. जागेवर पांढरे केस सापडले, रक्ताचा थेंबसुद्धा नाही. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशीही शोधलं. मिळालं नाही. ती गोष्ट अजून मनातून जात नाही. आता रायफल सुधारून घ्यायची आहे, जवळ ५०० डॉलर आहेत. मेव्हणा म्हणतो नवी नळी बसव. कामावरचा मित्र म्हणतो फायबरचा दस्ता आणि ६ ते २४ पॉवरचा स्कोप घे. की विकून नवीच घेऊ? माझी उंची ५ फूट ४ इंच, शेजारी सहा फुटांच्या वर होते. आणखी एक विचारायचं होतं. भाचा एच-१बीवर इथे आलाय, त्याला रेंजवर, नेमबाजीच्या सरावाला, न्यायचं म्हणतो. चालेल ना?

उत्तर: नमस्कार. भाच्याचं आधी सांगते, कारण त्यात चूक झाली तर ती निस्तरता येत नाही. चालणार नाही, निदान आत्ता तरी नाही. नॉनइमिग्रंट व्हिसावर (एच-१बी त्यातलाच) आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा इथल्या फेडरल कायद्याने गुन्हा आहे. रेंजवर तुमची रायफल दहा मिनिटं त्याच्या हातात दिली तरी ते ‘जवळ बाळगणं’ धरलं जाऊ शकतं. या बंदीला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या लोकांना लागू पडणारा म्हणजे शिकारीचा वैध परवाना. तो एखाद्या राज्याने रीतसर दिलेला आणि मुदतीतला हवा. म्हणून भाच्याने आधी शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स करावा (विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागतोच), मग परवाना काढावा, इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारावं आणि त्यानंतरच रेंजवर यावं. तुमचं ग्रीन कार्ड आहे, तुम्हाला ही अडचण नाही. आपली कितीतरी मुलं ‘मित्राबरोबर गंमत म्हणून’ रेंजवर जातात आणि वर फोटोही टाकतात. ते पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता रायफल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की तुम्ही विचारताय रायफल कशी सुधारू, पण तुम्हाला खरं हवंय ते हे: पुन्हा असं होऊ नये. म्हणून खरेदीच्या आधी, त्या दिवशी काय झालं असेल ते पाहू.

हरणाच्या पाठीचे आणि बरगड्यांवरचे केस करडे-तपकिरी असतात. पांढरे असतात ते पोटाखालचे, छातीच्या खालच्या कडेचे. जागेवर नुसते पांढरे केस आणि रक्त अजिबात नाही, याचा बहुतेक वेळा अर्थ असा, की गोळी खालून चाटून गेली. असं हरीण पुष्कळदा वाचतं. तुम्ही दोन दिवस शोधलंत, जे करायला हवं होतं ते केलंत. पण गोळी नेमापेक्षा सात-आठ इंच खाली गेली, एवढं त्या केसांनी सांगितलंय, आणि आपल्याला धागा तिथून धरायचाय.

८० यार्डांवर थर्टी-ऑट-सिक्सची गोळी स्वतःच्या वजनाने एवढी खाली येत नाही. त्या अंतरावर तिची वाट जवळजवळ सरळच असते. म्हणजे नवी नळी बसवून हा दोष गेला नसता. आणि नळी झिजायची म्हटलं तर हजारो काडतुसं लागतात. तुमच्या शेजाऱ्यांनी चाळीस वर्षं दर साली एक वीसची पेटी उडवली असं धरलं, तरी हिशेब आठशेवर थांबतो. शिकाऱ्याच्या कपाटातली नळी झिजून मरत नाही. मेली तर गंजाने, नाहीतर चुकीच्या साफसफाईने मरते. सॅव्हेज ११० चं एक चांगलं आहे. १९५८ साली ही रायफल आली तेव्हापासून तिची नळी मोठ्या नटने आवळलेली असते, त्यामुळे पुढेमागे खरंच गरज पडली तर नळी बदलणं इतर रायफलींच्या मानाने सोपं आणि स्वस्त. तेव्हा मेव्हण्याचा सल्ला पाच-दहा वर्षं बाजूला ठेवा.

मग गोळी खाली का गेली? मला तिघांचा संशय आहे.

पहिला संशय स्कोपच्या बुडावर. जुन्या रायफलवर स्कोप दोन छोट्या धातूच्या तुकड्यांवर, म्हणजे बेसवर, बसवलेला असतो. या दोन बेसमध्ये साधारण पाच इंचांचं अंतर असतं असं धरा. त्यातल्या एकाचा स्क्रू ढिला होऊन तो फक्त एक शतांश इंच हलला, म्हणजे दोन-तीन पोस्टकार्डांच्या जाडीहून कमीच, तरी ८० यार्डांवर गोळी पावणेसहा इंच सरकते. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे, घरी करून बघा. माझ्याबरोबर हे घडलंय. एका दुकानातून स्कोप बसवून घेतला, त्यांनी स्क्रूंवरचं तेल पुसलंच नव्हतं. तिसऱ्या थंडीत बेस सुटला आणि मी अख्खी सकाळ स्वतःच्या हाताला दोष देत बसले. म्हणून स्कोप पूर्ण उतरवा. बेसचे स्क्रू काढा, स्पिरिटने स्क्रू आणि भोकं दोन्ही कोरडी करा, मग निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) अगदी एक थेंब लावून आवळा. रिंगांचे, म्हणजे स्कोप धरणाऱ्या कड्यांचे, स्क्रू १५ ते २० इंच-पाउंड जोराने, त्याहून जास्त नको, स्कोपची नळी चेपते. दस्त्याला रायफल धरून ठेवणारे खालचे मोठे स्क्रू लाकडावर साधारण ४० इंच-पाउंड. हा जोर दाखवणारा छोटा टॉर्क स्क्रूड्रायव्हर विकत घ्यायची गरज नाही, रेंजवर कुणाकडे तरी असतो.

दुसरा संशय दस्त्याच्या लांबीवर. हा तुमच्या बाबतीत मला सगळ्यात मोठा वाटतो. शेजारी सहा फुटांवर, तुम्ही पाच-चार. कारखान्याचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत साडेतेरा इंचांच्या आसपास असतो, तो मुळात मध्यम उंचीच्या गोऱ्या माणसाच्या मापाचा. त्यावर तुम्ही नोव्हेंबरातलं दोन थरांचं जॅकेट चढवता. रायफल खांद्यात नीट बसत नाही, दंडावर सरकते, मान पुढे ताणावी लागते, डोळा स्कोपमागे नेमका येत नाही. एक करून बघा. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, तेच जॅकेट घाला, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र लगेच दिसलं तर माप ठीक. कडेला काळी चंद्रकोर दिसली किंवा मान हलवून चित्र शोधावं लागलं, तर दस्ता तुमचा नाही, अजून शेजाऱ्यांचाच आहे.

याला उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणारा) दस्ता मागून कापून घ्या आणि तिथे मऊ रबराचा रिकॉइल पॅड, म्हणजे धक्का शोषणारी गादी, बसवा. पॅडची जाडी धरून शेवटी मूळ मापापेक्षा पाऊण ते एक इंच कमी भरायला हवं. कापायच्या आधी त्याच्यासमोर जॅकेट घालून उभे राहा. ब्लाउज शिवायला टाकताना माप देतो ना, तसं. कापलेला लाकडाचा तुकडा मागून घ्या आणि जपून ठेवा. शेजाऱ्यांच्या हाताची वस्तू कापायची म्हणून मन धजणार नाही, ते मी समजू शकते. पण त्यांनी तुम्हाला जंगल शिकवलं. तुम्हाला न बसणारी रायफल हातात घेऊन तुम्ही पुन्हा एखादं जनावर जखमी करावं, असं त्यांना नक्की वाटलं नसतं.

तिसरा संशय तुमच्या बोटावर. राग मानू नका, आपल्या सगळ्यांवरच असतो. आठ पाउंडांच्या रायफलीतून थर्टी-ऑट-सिक्स चांगलाच धक्का देते. त्यात जुना दस्ता म्हणजे मागे कडक प्लास्टिकची पट्टी. दोन-तीनदा खांदा शेकला, की शरीर आपोआप शिकतं: बार निघायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा पुढे येतो, हात खाली दाबला जातो. गोळी खाली जाते. हे स्वतःला कधीच कळत नाही, कारण धक्का आणि दचकणं एकाच क्षणात होतं. पकडायची युक्ती सोपी आहे. रेंजवर बरोबरच्या माणसाला रायफल भरायला सांगा. कधी खरं काडतूस, कधी डमी, तुम्हाला न दाखवता. डमीवर चाप ओढताना नळीचं टोक खाली झुकलं, तर चोर सापडला. त्यावर औषध म्हणजे मऊ पॅड, कानात प्लग आणि वर मफ असं दुहेरी संरक्षण, आणि घरी रिकाम्या रायफलवर रोज दहा वेळा चाप ओढणं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, आत डमी, समोर भिंतीवर एक ठिपका, आणि भिंतीपलीकडे कुणी नाही याची खात्री. तीन आठवड्यांत फरक दिसतो आणि खर्च डमीचे पंधरा-वीस डॉलर.

हे झालं की मग पैशाचं बोलू. सगळ्यात आधी ७० ते ८० डॉलर गनस्मिथला द्या. साठीला आलेल्या रायफलीचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा), फायरिंग पिन, नळीचं तोंड आणि सेफ्टी (चाप अडवणारी कळ) बघायची, आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसाला आत मिळणारी जागा, गेजने तपासायची. सेफ्टीची एक चाचणी तुम्हीही करू शकता. रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद करा, सेफ्टी लावा, चाप ओढून सोडा, मग सेफ्टी काढा. आतली पिन सुटल्याचा ‘टक्’ आवाज आला तर रायफल तशीच दुरुस्तीला द्या, एकही काडतूस भरू नका. चाप स्वतः उघडून हलका करायच्या भानगडीत पडू नका. यूट्यूबवर ते दहा मिनिटांचं काम दिसतं. जुन्या सॅव्हेजचा चाप जड आणि जरा खरखरीत असतो हे खरं, पण हातमोजे घातलेल्या शिकाऱ्याला तसा चाप एका अर्थी चांगलाच.

नळीची साफसफाई त्याच्याकडूनच करून घ्या किंवा शिकून घ्या. गोळ्यांच्या आवरणाचं चाळीस वर्षांचं तांबं आत बसलेलं असतं. तांबं विरघळवणारं औषध लावून बाटलीवर सांगितलंय तेवढाच वेळ ठेवलं की कापडाची चिंधी मोरपंखी निळी निघते. दुसरी, तिसरी, दहावी चिंधी पांढरी निघेपर्यंत चालू ठेवायचं. कित्येक ‘झिजलेल्या’ नळ्या अशाच बऱ्या झालेल्या मी पाहिल्यात.

लाकडी दस्ता काढून फायबरचा घ्यायचा का? नको. लाकूड पावसात फुगतं आणि नळीला चिकटतं, ही एकच खरी तक्रार आहे. एक डॉलरची नोट नळी आणि दस्त्याच्या मधून पुढून मागे सरकवत न्या. जिथे अडेल तिथे लाकूड नळीला टेकलंय. जाड पेन्सिलीला सँडपेपर गुंडाळून तेवढं घासा, आतल्या कोऱ्या लाकडाला वॉर्निशचे दोन हात द्या, संपलं. शिवाय सॅव्हेजने इतक्या वर्षांत स्क्रूंमधलं अंतर आणि इतर मापं बदललीत, त्यामुळे ‘११० साठी’ लिहिलेला दस्ता तुमच्या ११० ला बसेलच असं नाही.

बेस मागवतानाही हीच काळजी घ्या. तुमच्या काळच्या सॅव्हेजचा मागचा भाग वरून सपाट असतो, नव्यांचा गोल. दोघांचे बेस वेगळे. ऑर्डर देताना ‘फ्लॅट बॅक’ म्हणून सांगा.

आता स्कोप. मोठा खर्च इथेच करायचा, पण मित्र सांगतो तो स्कोप नको. स्कोपच्या पुढच्या भिंगाचा व्यास पॉवरने भागला, की डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत किती मिलिमीटरचा ते कळतं. ५० मिलिमीटरच्या भिंगाला २४ ने भागा, दोनच मिलिमीटर. संधिप्रकाशात आपली बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडलेली असते. म्हणजे हरणं बाहेर पडतात नेमक्या त्याच वेळेला तुम्हाला काळोख दिसणार. सर्वांत खालच्या ६ पॉवरलासुद्धा ४० यार्डांवरच्या झाडीचा एवढा लहान तुकडा दिसतो, की त्यात हरीण पटकन सापडत नाही. तुम्हाला साधा ३ ते ९ पॉवरचा, ४० मिलिमीटरचा स्कोप हवा. नामांकित कंपनीचा, आजन्म वॉरंटीचा, १८० ते २०० डॉलरमध्ये मिळतो. वापरलेला आणखी स्वस्तात मिळतो. जंगलात तो ३ किंवा ४ वर ठेवा, हरीण लांब असेल तर वाढवायला वेळ असतोच. बसवताना डोळ्यापासून साडेतीन इंच तरी लांब ठेवा, नाहीतर धक्क्याबरोबर कडा भुवईत रुतते आणि टाके पडतात.

तर सगळा हिशेब असा होतो: तपासणी आणि साफसफाई ८०, स्कोप १८०, बेस आणि रिंगा ५०, पॅड आणि बसवणावळ ९०. उरतात शंभर डॉलर. ते सगळे काडतुसांवर आणि डमीवर घालवा. एकाच कंपनीच्या, एकाच वजनाच्या, एकाच लॉटच्या तीन पेट्या घ्या. १५० किंवा १६५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) पुरे, १८० चा जादा धक्का तुम्हाला नको आहे. घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर पुढेमागे तांब्याच्या गोळीकडे वळा. शिशाची गोळी फुटली की तिचे बारीक कण मांसात दूरवर जातात, आणि टाकलेली आतडी खाणाऱ्या गरुडांना ते मारतात. तांब्याची महाग आहे, म्हणून या वर्षी सक्ती करत नाही.

रेंजवर पहिली गोळी २५ यार्डांवर मारा, शंभरावर नको. आणि एक लक्षात ठेवा, स्कोपची एक टिकटिक शंभर यार्डांवर पाव इंच हलवते, पण २५ यार्डांवर फक्त एक सोळांश इंच. इथे नवशिके गोंधळतात आणि स्कोपला शिव्या देतात. जवळच्या अंतरावर नेम बसला, की १०० यार्डांवर जा आणि तीन-तीन गोळ्यांचे गट नेमापेक्षा दोन इंच वर आणून ठेवा. मग २०० यार्डांपर्यंत तुम्हाला वर-खाली काही धरावं लागत नाही. गट दोन इंचांचा आला तरी पुरे. इंटरनेटवरच्या अर्ध्या इंचाच्या फोटोंकडे बघू नका. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण आठ इंचांचा गोल होतो.

त्यानंतर टेबल सोडा. कागदी थाळी लावा, वाढदिवसाला वापरतो ती, आठ-नऊ इंचांची. ५० यार्डांवर बसून पाच गोळ्या मारा. पाचही थाळीत आल्या तर ७५ वर जा, मग १०० वर. जिथे एक जरी बाहेर गेली, त्याच्या आधीचं अंतर ही तुमची या वर्षीची हद्द. पलीकडे कितीही मोठी शिंगं दिसली तरी चाप ओढायचा नाही. मी कोकणात वाढले. आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. एकदा ठासली की एकच बार, पुन्हा भरेपर्यंत डुक्कर पार नदीपलीकडे. त्यामुळे ते तीस पावलांच्या पुढे बंदूक उचलतच नसत. तुमच्या हातात त्याच्या कितीतरी पट चांगलं हत्यार आहे, पण त्या तीस पावलांचा कायदा मला तेव्हापासून कधी सोडवला नाही.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण करत नाहीत. एक कागद वेगळा ठेवा. दर वेळी रेंजवर गेलात की पहिली गोळी, थंड नळीची, त्याच कागदावर मारा आणि शेजारी तारीख आणि हवामान लिहा. मग बाकीचा सराव दुसऱ्या कागदांवर. जंगलात तुम्हाला तीच एक गोळी मिळणार आहे, गरम नळीची तिसरी किंवा पाचवी नाही. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत आठ वेळा गेलात तर त्या कागदावर आठ भोकं असतील. शेवटच्या दोन वेळा जॅकेट आणि हातमोजे घालून जा.

विकून नवी घेऊ का, असंही विचारलंत. ५०० डॉलरमध्ये नवी रायफल आणि स्कोप असा जोड मिळतो आणि तो वाईटही नसतो. तपासणीत हेडस्पेस बिघडलेली निघाली, रिसीव्हरला (नळी आणि बोल्ट धरून ठेवणारा मधला भाग) तडा दिसला, तर खुशाल तसं करा, मन अडकवू नका. पण रायफल निकोप निघाली, तर नवीचा दस्ताही पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या मापाचा असणार आणि काडतुसांना पैसे उरणार नाहीत.

पॅड बसवून आणायला गेलात की कापलेला लाकडाचा तुकडा शेजाऱ्यांच्या पत्नीला नेऊन दाखवा. त्यांच्याकडे ठेवायचा की तुमच्याकडे, ते त्यांनाच ठरवू दे. आणि तो आठ भोकांचा कागद नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला पाठवा, मी वाट बघते.